लिनक्सवर विंडोजचे गेम: ग्राफिक्सच्या अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ज्यांवर बसत नाही असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर आले. त्यांच्या मालकांचा पहिल्याच आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो: माझे गेम चालतील का? बहुतेक चालतात. जे अडतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गेममध्ये काहीच खोट नसते. गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या मधल्या साखळीतला एखादा दुवा निसटलेला असतो. कुठला दुवा ते न पाहताच इंटरनेटवरच्या आज्ञा एकामागून एक चिकटवत गेलं, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर नवे येतात. म्हणून इथली उत्तरं आधी दुवा ओळखायला सांगतात, दुरुस्ती त्यानंतर.

एक सोय लक्षात ठेवा. या पानावर आज्ञा, पर्याय आणि पॅकेजांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अक्षरं आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे. ज्या पर्यायांत '=' आहे, त्यांची '=' च्या आधीची सगळी अक्षरं मोठी असतात.

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चित्र काढतो तरी कसा?

विंडोजचा गेम कार्डाशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. लिनक्सवरच्या ड्रायव्हरांना ती भाषा येत नाही. त्यांना व्हल्कन आणि ओपनजीएल येतं. म्हणून मध्ये दुभाषे बसवलेले आहेत. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, तो विंडोजच्या एकूण हाका लिनक्सला समजतील अशा करतो. चित्रांचं काम वेगळे दुभाषे पाहतात: डायरेक्टएक्स ८ ते ११ साठी डीएक्सव्हीके, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. हे दोघेही व्हल्कनमध्ये बोलतात. वाइनचा स्वतःचा जुना दुभाषी वाइनडी३डी, तो मुख्यतः ओपनजीएलवर चालतो. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये कोडवीव्हर्सच्या साथीने हे सगळं एकत्र बांधून स्टीममध्ये दिलं, तेच प्रोटॉन. लुट्रिस आणि हिरोइक ही गेम टाकायची-चालवायची साधनंही आतून याच मंडळींना कामाला लावतात.

म्हणजे साखळी अशी: गेम, मग वाइन, मग डीएक्सव्हीके किंवा व्हीकेडी३डी-प्रोटॉन, मग व्हल्कनचा ड्रायव्हर, मग कर्नेल (लिनक्सचा गाभा), मग कार्ड, आणि शेवटी पडद्यावर खिडक्या मांडणारा कंपोझिटर. पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यातल्या कुठल्यातरी एका जागी आहे.

काही बिघडलं की सर्वांत आधी काय पाहायचं?

चित्र नक्की कोण काढतंय, ते. व्हल्कन-टूल्स नावाचं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा. यादीत तुमच्या मशीनमधली व्हल्कन-योग्य कार्डं दिसतात. प्रत्येकासमोर तीन गोष्टी वाचा: उपकरणाचं नाव, ड्रायव्हरचं नाव आणि व्हल्कनची आवृत्ती.

एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर 'रॅडव्ही' दिसायला हवा. एनव्हिडिया असेल तर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर, किंवा नव्या कार्डांवर मेसाचा (मेसा म्हणजे लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) 'एनव्हीके'. यादीत एकटं 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर कार्ड हातावर हात ठेवून बसलं आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे. सेकंदाला दोन-तीन फ्रेम, पंख्याचा आवाज, सरकत्या चित्रांसारखा गेम ही त्याची खूण. अशा वेळी गेमच्या सेटिंगला हात लावून काहीच साधत नाही, कारण बिघाड ड्रायव्हरमध्ये आहे.

ही एक आज्ञा चालवल्याशिवाय पुढचं काही करू नये, असं माझं ठाम मत आहे. मदत मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो.

एनव्हिडियाचं कार्ड आहे, ड्रायव्हरही टाकला, तरी यादीत ते दिसत नाही. का?

'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून पाहा. ड्रायव्हरशी बोलता येत नाही असा संदेश आला, तर कर्नेलमध्ये ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडला जाणारा त्याचा भाग, चढलेलं नाही. नव्या लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण सिक्युअर बूट, म्हणजे बायोसमधली सुरक्षा-सोय. तो चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नेल चढवू देत नाही. उबुंटू आणि मिंट ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' असा पर्याय येतो. घाईत लोक तिथे 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि सही नोंदवायची राहून जाते. ड्रायव्हर पुन्हा टाकून या वेळी ती पायरी पूर्ण करा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केला तरी काम होतं, पण सोबत विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

दुसरं कारण कर्नेलचा अपडेट. नवा कर्नेल आला, पण त्याच्यासाठी मॉड्यूल बांधलं गेलं नाही, असं होतं. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, मेनूतून आधीचा कर्नेल निवडून बूट केल्यावर सगळं चालत असेल, तर हेच झालेलं आहे.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ती '.रन' फाइल उतरवून ड्रायव्हर टाकू नका. तुमच्या डिस्ट्रोच्या (मिंट, उबुंटू, आर्च असे लिनक्सचे प्रकार) भांडारातलाच घ्या. '.रन' फाइलचा ड्रायव्हर पॅकेज मॅनेजरला माहीतच नसतो, त्यामुळे पुढच्या अपडेटला दोघांची टक्कर होते.

माझ्याकडे जीटीएक्स १०५० किंवा १०६० आहे. अपडेटनंतर डेस्कटॉपच उघडेना.

मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी, ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा आहे. त्यापुढच्या शाखेवर गेलात तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. सतत ताजे अपडेट देणाऱ्या डिस्ट्रोवर, म्हणजे आर्च वगैरेंवर, हे घडतं. ५८० ची शाखा टाकून तिथेच थांबा. कार्ड अजून कामाचं आहे.

लॅपटॉपमध्ये दोन कार्डं आहेत. गेम चुकीचं कार्ड निवडतो.

गेमिंग लॅपटॉपवर प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स डेस्कटॉप सांभाळतं आणि मोठं कार्ड गरजेपुरतं जागं होतं. गेम कुठल्या कार्डावर चालला आहे ते पाहायला स्टीममध्ये गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत 'डीएक्सव्हीके_एचयूडी=डेव्हइन्फो,एफपीएस %कमांड%' लिहा. '%कमांड%' हा शब्द छोट्या इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह ठेवून लिहायचा. त्या जागी स्टीम गेमची खरी आज्ञा भरतं. गेम उघडल्यावर डाव्या कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि फ्रेमचा वेग दिसतो. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये हा फलक सहसा येत नाही, तिथे मँगोहड हे तसाच फलक दाखवणारं साधन वापरा.

नाव इंटेलचं आलं, तर एनव्हिडिया असलेल्यांनी लाँच ऑप्शन्समध्ये 'प्राइम-रन %कमांड%' लिहावं. एएमडीचं वेगळं कार्ड असलेल्यांनी 'डीआरआय_प्राइम=१ %कमांड%' लिहावं. उबुंटू-मिंटवर 'प्राइम-सिलेक्ट' नावाची सोय आहे. ती 'ऑन-डिमांड'वर ठेवली की बॅटरीही वाचते आणि गेमच्या वेळी कार्डही मिळतं.

नवे गेम चालतात, जुने मात्र उघडतच नाहीत. उलट नाही का व्हायला हवं?

जुने गेम ३२ बिटांचे असतात, आणि त्यांना ३२ बिटांचाच व्हल्कन ड्रायव्हर लागतो. ६४ बिटांचा असून भागत नाही. उबुंटू कुळात 'आय३८६' ही आर्किटेक्चर जोडून 'मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स:आय३८६' टाका. आर्चवर 'मल्टिलिब' भांडार चालू करून 'लिब३२-व्हल्कन-रेडिऑन' किंवा 'लिब३२-एनव्हिडिया-युटिल्स'. फेडोरावर त्याच पॅकेजाची 'आय६८६' आवृत्ती. एनव्हिडियाच्या बाबतीत ३२ आणि ६४ बिटांच्या ड्रायव्हरची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली पाहिजे.

'डायरेक्टएक्स ११ चं कार्ड सापडलं नाही' असं गेम म्हणतो. पण याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये तो चालत होता!

हा प्रश्न जुन्या मशीनवाल्यांचा आहे, आणि त्यांनी निराश होऊ नये म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीके २.० आला आणि त्याने व्हल्कन १.३ ची अट घातली. २०२३ मधल्या प्रोटॉन ८ पासून ही अट स्टीमलाही लागू झाली. कार्डाला डायरेक्टएक्स ११ येत असेल, पण त्याच्या लिनक्स ड्रायव्हरला व्हल्कन १.३ येत नसेल, तर दुभाषी कामाला नकार देतो आणि गेमला वाटतं की कार्डच नाही. व्हल्कनइन्फोच्या यादीत व्हल्कनची आवृत्ती पाहायला सांगितलं ते याचसाठी.

इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकपासून पुढे, मेसा पुरेसा नवा असला की ही अडचण येत नाही. चौथ्या पिढीच्या हॅसवेलवर व्हल्कन अर्धवट आहे. मेसा स्वतःच तशी सूचना छापतो. एनव्हिडियाच्या जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकांतली केप्लर कार्डं ४७० च्या ड्रायव्हरवर थांबली, आणि तो १.२ च्या पुढे जात नाही. ७५० आणि ७५० टीआय त्यातून सुटतात, कारण ती आतून मॅक्सवेल आहेत. एएमडीच्या एचडी ७००० आणि आर९ २०० मालिकांतल्या अनेक कार्डांची गोष्ट निराळी: ती सक्षम आहेत, पण जुने कर्नेल त्यांना 'रेडिऑन' या जुन्या ड्रायव्हरच्या हवाली करतात, आणि व्हल्कन मिळतं ते 'एएमडीजीपीयू'वर. कर्नेलच्या बूट ओळीत 'रेडिऑन.एसआय_सपोर्ट=०' आणि 'एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१' (त्यानंतरच्या पिढीसाठी दोन्हीकडे एसआयऐवजी सीआयके) लिहिलं की कार्ड नव्या ड्रायव्हरकडे जातं. बूट ओळीतले हे शब्द मात्र छोट्या अक्षरांत लिहायचे.

ज्यांना १.३ मिळणारच नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी उघडून प्रोटॉन ७.० निवडा, त्यात जुना डीएक्सव्हीके आहे. लुट्रिसमध्ये डीएक्सव्हीकेची १.१०.३ आवृत्ती हाताने निवडता येते. तेही नाही जमलं तर 'प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%', म्हणजे ओपनजीएलची वाट. ती हळू आहे, पण २०१० च्या आसपासचे गेम तिच्यावर चांगले खेळता येतात. डायरेक्टएक्स १२ चे गेम मात्र अशा कार्डांवर सोडून द्या.

मेसा जुना आहे की नवा, कसं कळणार? आणि नवा कसा मिळवायचा?

व्हल्कनइन्फोच्या यादीतच मेसाची आवृत्ती असते. मिंट आणि उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्या स्थिरतेसाठी मेसा मागे ठेवतात. तुमचं एएमडी किंवा इंटेल कार्ड डिस्ट्रोपेक्षा नवं असेल, तर 'किसाक-मेसा' हे पीपीए (उबुंटू-मिंटला जोडायचं बाहेरचं पॅकेज-भांडार) जोडणं हा रुळलेला मार्ग आहे. नव्या कार्डाला कर्नेलही नवा लागतो, हे विसरू नका. एएमडीवाल्यांनी 'एएमडीव्हीएलके' हा दुसरा ड्रायव्हर टाकलेला असेल तर काढून टाकावा. एएमडीनेच २०२५ मध्ये तो प्रकल्प थांबवला. दोन ड्रायव्हर शेजारी असले की गेम भलताच निवडतो, आणि मग पोत (टेक्स्चर) फाटलेले दिसणं, सावल्यांच्या जागी चौकोन येणं असले प्रकार सुरू होतात.

आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो.

आवाज येतो म्हणजे गेम जिवंत आहे. वाइनपर्यंतची साखळी ठीक आहे. अडलंय ते चित्राच्या वाटेवर किंवा खिडकीवर.

आधी ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबा. गेम खिडकीत आला आणि चित्र दिसलं, तर दोष फुल-स्क्रीनचा. गेममध्ये 'बॉर्डरलेस विंडो' निवडा आणि तिथेच राहा. लिनक्सवर खऱ्या फुल-स्क्रीनचा आग्रह धरून काही मिळत नाही.

काळेपणा फक्त सुरुवातीला, कंपनीचं चिन्ह दिसण्याच्या जागी असेल, तर तो व्हिडिओचा प्रश्न आहे. पुढचं उत्तर पाहा. मधेच एखादी कळ दाबून मेनू येतो का तेही तपासा.

मेनूही येत नसेल तर गेमला दुसऱ्या भाषेत बोलायला लावा. पुष्कळ गेम लाँच ऑप्शन्समध्ये '-डीएक्स११' किंवा '-डी३डी११' स्वीकारतात, अनरिअल इंजिनवर बेतलेले तर हमखास. डायरेक्टएक्स १२ वर काळा आणि ११ वर छान, असं दिसलं तर दोष व्हीकेडी३डी-प्रोटॉन आणि ड्रायव्हर यांच्यातला आहे, आणि बहुतेक वेळा प्रोटॉन एक्सपेरिमेंटलमध्ये त्याची दुरुस्ती आधीच येऊन पडलेली असते.

यानंतर प्रोटॉनची आवृत्ती बदलून पाहा: आधी एक्सपेरिमेंटल, मग एखादी मागची स्थिर. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि गेम चालवून पाहा. आवृत्ती, लाँच ऑप्शन आणि ड्रायव्हर असं तिन्ही एका दमात बदललं, तर गेम चालला तरी कशामुळे चालला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तुम्ही पुन्हा अंधारात.

शेवटचा उपाय म्हणजे गेमचं प्रीफिक्स, म्हणजे त्याच्यापुरतं मांडलेलं विंडोजचं फोल्डर, नव्याने बांधणं. स्टीमच्या 'स्टीमअ‍ॅप्स' फोल्डरमध्ये 'कॉम्पॅटडेटा' असतं, आणि त्यात प्रत्येक गेमच्या क्रमांकाचं एक फोल्डर. ते दुसरीकडे हलवलं की पुढच्या वेळी प्रोटॉन कोरं बनवतो. पुसू नका, हलवाच. ज्या गेमना क्लाउडची सोय नाही त्यांचे सेव्ह त्याच फोल्डरमध्ये असतात, आणि चाळीस तास खेळलेला गेम एका डिलीटने जातो.

मधले व्हिडिओ दिसत नाहीत. त्यांच्या जागी टीव्हीवरच्या जुन्या रंगीत पट्ट्या येतात.

तुमचं कार्ड ठणठणीत आहे. ते व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) आहेत, त्यांवर पेटंट आणि परवान्यांची बंधनं असल्याने व्हॉल्व्ह ते कोडेक प्रोटॉनसोबत देत नाही. त्याऐवजी स्टीम त्या व्हिडिओंची रूपांतरित प्रत शेडरच्या (चित्र काढायला कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम) साठ्याबरोबर उतरवतं. ती मिळाली नाही की पट्ट्या दिसतात. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली शेडर प्री-कॅशिंग चालू आहे का पाहा. तरीही नाही, तर प्रोटॉन-जीई ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती टाका. त्यात ते कोडेक असतात. 'प्रोटॉनअप-क्यूटी' या साधनाने तो दोन क्लिकमध्ये येतो.

गेम वेगाने चालतो, पण मधेच क्षणभर अडखळतो. असं का?

अडखळणं आणि हळू चालणं हे वेगळे आजार आहेत, उपचारही वेगळे.

अडखळण्याचं प्रसिद्ध कारण शेडर. प्रत्येक नवं दृश्य, नवा स्फोट, नवं शस्त्र यांच्यासाठी कार्डाला छोटे प्रोग्राम लागतात आणि ते तुमच्या कार्डासाठी ऐनवेळी तयार होतात. तेवढा वेळ चित्र थांबतं. ओळखण्यासाठी लाँच ऑप्शन्समध्ये 'डीएक्सव्हीके_एचयूडी=कंपायलर,फ्रेमटाइम्स %कमांड%' लिहा. अडखळताना खाली डाव्या कोपऱ्यात शेडर बनत असल्याची नोंद झळकली, तर कारण तेच.

यावर 'डीएक्सव्हीके-एसिंक' वापरा हा सल्ला अजून सगळीकडे सापडतो. तो जुना झाला आहे. डीएक्सव्हीके २.० पासून 'ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी' नावाच्या व्हल्कनच्या सोयीने शेडर गेम लोड होतानाच तयार करता येतात. एनव्हिडियाच्या चालू ड्रायव्हरांत ती आहे, आणि एएमडीच्या रॅडव्हीत मेसा २३.१ पासून आपोआप चालू असते. म्हणून एसिंकचे पॅच शोधत बसण्यापेक्षा ड्रायव्हर अद्ययावत करा. फायदा जास्त आणि धोका कमी. एसिंकमध्ये शेडर तयार होईपर्यंत वस्तू दिसतच नाहीत, आणि ऑनलाइन गेममध्ये फसवणूक-रोधक यंत्रणेचा संशय ओढवतो तो वेगळा.

स्टीम गेम उघडण्याआधी 'व्हल्कन शेडर्स' तयार करत बसतं, तेव्हा पुष्कळजण 'स्किप' दाबतात. दोन-चार कोअरच्या लॅपटॉपवर तो वेळ खरंच जीव खातो. पण डायरेक्टएक्स १२ चा जड गेम असेल तर एकदा थांबाच.

कंपायलरची नोंद झळकत नाही आणि तरी अडखळतो, तर शेडरला दोष देऊ नका. ८ जीबी रॅमवर मागे ब्राउझर उघडा असेल, तर मेमरी भरून डिस्कवर सांडते. गेम फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर पोत उशिरा येतात. प्रोसेसर बचतीच्या मोडमध्ये असेल तर 'परफॉर्मन्स' निवडा, किंवा 'गेममोडरन %कमांड%' वापरा. आणि चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो. मँगोहडमध्ये तापमान आणि घड्याळाचा वेग शेजारी दाखवता येतात, त्यात हे लगेच कळतं. तिथे उपाय आहे तो पंखा साफ करणं आणि फ्रेमचा वेग साठवर बांधणं.

विंडोजपेक्षा फ्रेम कमी मिळतात. हे असंच राहणार का?

एएमडीवर फरक सहसा किरकोळ असतो, काही गेममध्ये लिनक्स पुढेही असतं. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स ११ ठीक चालतं, पण १२ मध्ये जाणवेल अशी घट होते. हे माहीत असलेलं दुखणं आहे, तुमच्या मशीनचा दोष नाही. गेममध्ये ११ चा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर किरणांच्या परावर्तनाचे (रे ट्रेसिंग) खर्चिक पर्याय आधी बंद करा, आणि एफएसआर किंवा डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून मोठं करायची सोय, वापरा. दोन्ही प्रोटॉनमध्ये चालतात.

चित्र लुकलुकतं, जुन्या फ्रेम मधेच परत दिसतात.

एनव्हिडिया आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत; जुनी ती एक्स११) एकत्र असतील तर आधी आवृत्त्या पाहा. या लुकलुकीवरचा खरा उपाय 'एक्स्प्लिसिट सिंक' २०२४ च्या मध्याला आला: ड्रायव्हर ५५५, एक्सवेलँड २४.१, आणि डेस्कटॉप म्हणून केडीई प्लाझ्मा ६.१ किंवा नोम ४६.१. या तिघांतला एक जरी जुना असेल तर फायदा मिळत नाही. अपडेट शक्य नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ चं सत्र निवडा.

गेम भलत्या रिझोल्यूशनला उघडतो, धूसर दिसतो, माउस अर्ध्या पडद्यावरच फिरतो.

पडद्याचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं असेल तर गेमला पडद्याचा आकार चुकीचा कळतो. सर्वांत खात्रीचा उपाय व्हॉल्व्हचा गेमस्कोप हा खास गेमसाठीचा कंपोझिटर: 'गेमस्कोप -डब्ल्यू १९२० -एच १०८० -एफ -- %कमांड%', यात डब्ल्यू आणि एच मोठे, एफ छोटा. गेमला त्याचा स्वतंत्र पडदा मिळतो आणि डेस्कटॉपच्या स्केलिंगशी त्याचा संबंध उरत नाही. जुने गेम फुल-स्क्रीन सोडताना डेस्कटॉपचं रिझोल्यूशन बिघडवून जातात, तेही याने थांबतं.

अर्धा तास नीट चालतो आणि मग कोसळतो. कधीकधी सगळं मशीनच गोठतं.

फक्त गेम बंद पडत असेल तर 'सिसकंट्रोल' म्हणून वाचतात ती 'सिस्कटीएल' आज्ञा चालवून 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट'चा आकडा पाहा. मूळ आकडा ६५५३० असतो, आणि काही मोठ्या गेमना तो पुरत नाही. फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ पासून तो १०४८५७६ आहे. तुमचा कमी असेल तर वाढवून घ्या.

पडदाच गोठला असेल, तर मशीन पुन्हा चालू केल्यावर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मागच्या सत्रातल्या कर्नेलच्या नोंदी वाचा. एएमडीवर 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' अशी ओळ सापडली, तर कार्ड एखाद्या कामात अडकून बसलं होतं. मेसा आणि कर्नेल बदलून पाहा. एनव्हिडियावर 'एक्सआयडी' असा शब्द आणि पुढे क्रमांक असतो. ३१ म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागला, बहुधा गेम किंवा ड्रायव्हरचा दोष. ७९ म्हणजे कार्ड पीसीआय बसवरून गळून पडलं. तिथे सॉफ्टवेअरशी झटापट न करता वीजपुरवठा, कार्डाची बैठक आणि तापमान पाहा.

गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहेत. तेच लिनक्समधून चालवू का?

तात्पुरतं चालेल, पण नको. विंडोजच्या ड्राइव्हची मांडणी एनटीएफएस असते; तिच्यावर कोलनसारखी चिन्हं नावात चालत नाहीत आणि प्रोटॉनला प्रीफिक्समध्ये 'सी:' नावाचे दुवे बनवावे लागतात. गेम उघडतच नाही, किंवा काळ्या पडद्यावर बसून राहतो. जागा असेल तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मांडणीचं विभाजन करून गेम तिकडे हलवा.

रिशेड किंवा मॉड टाकले, पण परिणाम दिसत नाही.

वाइन गेमच्या फोल्डरमधली डीएलएल सोडून स्वतःची वापरतं. 'वाइनडीएलएलओव्हरराइड्स="डीएक्सजीआय=एन,बी" %कमांड%' लिहा; अवतरणातली अक्षरं छोटी, आणि मॉडची फाइल वेगळी असेल तर तिचं नाव. उलट दिशेची चूकही होते: विंडोजवरून आणलेल्या डायरेक्टएक्सच्या डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये टाकणं. त्या दुभाष्याची जागा अडवतात. काढून टाका.

सायबर कॅफेच्या काळातले गेम चालतील का?

चालतील, आणि कित्येकदा विंडोज ११ पेक्षा बरे. व्हाइस सिटी डायरेक्टएक्स ८ वर आहे, डीएक्सव्हीके २.४ पासून ते थेट सांभाळलं जातं. फक्त तिथे फ्रेमचा वेग मोकळा सोडू नका, गाड्यांचं वागणं बिघडतं; 'डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=३०' पुरे. त्याहून जुने, डायरेक्टड्रॉवर चालणारे गेम रंग विचित्र दाखवतात किंवा मेनूत लुकलुकतात. त्यांच्यासाठी सीएनसी-डीड्रॉ ही छोटी डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वरच्याच पद्धतीने 'डीड्रॉ=एन,बी' द्या. अक्षरंच दिसत नसतील तर प्रोटॉनट्रिक्समधून 'कोअरफॉन्ट्स' टाका.

काल चालत होतं, आज अपडेटनंतर नाही.

मशीन रीस्टार्ट केलं का? एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला की चालू कर्नेलमधलं जुनं मॉड्यूल आणि नव्या लायब्ररी जुळत नाहीत. स्टीम फ्लॅटपॅकमधून (फ्लॅटपॅक, स्नॅप आणि डेब हे पॅकेजांचे वेगवेगळे प्रकार) घेतलं असेल तर 'फ्लॅटपॅक अपडेट'ही चालवा, कारण त्याच्याकडे ड्रायव्हरची स्वतंत्र प्रत असते आणि ती बाहेरच्याशी जुळावी लागते. उबुंटूवर स्नॅपचं स्टीम असेल तर ते काढून डेबचं घ्या. स्नॅपमुळे अकारण अडचणी येतात, आणि व्हॉल्व्हकडूनही २०२४ मध्ये हाच सल्ला दिला गेला होता.

व्हॅलोरंट, फोर्टनाइट काही केल्या चालत नाहीत. कुठला ड्रायव्हर टाकू?

कुठलाच नाही. त्यांच्या फसवणूक-रोधक यंत्रणा लिनक्सला दारातच अडवतात. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यानेही लिनक्स बंद केलं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट दिली, पण ती उघडायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळाडूंच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर गेमचं पान वाचा, ताजे अभिप्राय आधी.

हे सगळं करूनही अडलं. मदत कशी मागू?

'गेम चालत नाही, मदत करा' याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. डिस्ट्रो, कर्नेल, कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती, प्रोटॉनची आवृत्ती, एक्स११ की वेलँड, आणि काय काय करून पाहिलं एवढं लिहा. स्टीमच्या मदत मेनूतली 'सिस्टिम इन्फर्मेशन' यातलं बहुतेक एकत्र देते. मग 'प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%' लावून गेम चालवा. होम फोल्डरमध्ये 'स्टीम-' आणि गेमचा क्रमांक अशा नावाची लॉग फाइल तयार होते, ती जोडा. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो चालतो, पण लॉगचा फोटो काढू नका, फाइलच द्या.

लॉगमध्ये 'इआरआर:' असलेल्या ओळी शोधा, पण प्रत्येक ओळ म्हणजे बिघाड नव्हे. चांगल्या चालणाऱ्या गेममध्येही त्या शेकड्याने असतात. कोसळण्याच्या लगेच आधीच्या ओळी महत्त्वाच्या.

एकाच गेममध्ये, एकाच प्रोटॉन आवृत्तीवर होत असेल तर गिटहबवर प्रोटॉनच्या पानात त्या गेमची नोंद शोधून तिथे लिहा. चित्रात पोत फाटणं, रंग चुकणं असं फक्त एएमडी किंवा इंटेलवर दिसत असेल तर मेसाच्या गिटलॅबवर. मजकूर इंग्रजीत साधा, तुटक असला तरी चालतो. तिथली माणसं मनापासून उत्तरं देतात, आणि तुमच्यासारख्याच जुन्या लॅपटॉपवाल्याला ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आपोआप मिळते.